दवाखान्याची भिंत पाडताना

आपल्या भागातला दवाखाना जुना झाला. छत गळू लागले. बाळंतिणींची खोली अपुरी पडू लागली. अर्ज झाले, हेलपाटे झाले, आणि एकदाचे काम मंजूर झाले. वाळूचा ट्रक आला. मुकादम आला, गवंडी आले, बिगारी आले. गावाला बरे वाटले. वाटायलाच हवे.

पण घराची दुरुस्ती आणि दवाखान्याची दुरुस्ती यांत मोठा फरक आहे. घराची भिंत पाडायची असली की आपण काय करतो? भांडीकुंडी अंगणात काढतो. म्हाताऱ्या माणसाला शेजारी नेऊन बसवतो. तान्ह्या मुलाला आजोळी पाठवतो. मग पहार हातात घेतो. दवाखान्याला तशी सोय नसते. लोक आजारी पडायचे थांबत नाहीत, म्हणून दवाखाना बंद ठेवता येत नाही. भिंतीच्या एका अंगाला पहार चालते आणि दुसऱ्या अंगाला माणूस खाटेवर पडलेला असतो.

हे मी एका तालुक्याच्या गावी डोळ्यांनी पाहिले आहे. तिथे पुरुषांच्या वॉर्डाला लागून एक कोठीची खोली होती. ती पाडून वॉर्ड मोठा करायचा होता. मधल्या दाराला गोणपाट टांगले होते. गोणपाटातून धूळ येत होती. खाटांवर धूळ, पाण्याच्या तांब्यांवर धूळ, भाकरी बांधलेल्या फडक्यावर धूळ. दाराजवळच्या खाटेवर एक आजोबा होते. त्यांना दम्याचा जुना आजार. त्यांची सून पदराने वारा घालीत होती. शेवटी ती उठून दाराशी गेली.

"दादा, जरा दमानं घ्या की. मामंजींना धाप लागतीया."

बिगारी भला माणूस होता. तो थांबला. म्हणाला, "वहिनी, मी थांबलो तर मुकादम माझा खाडा मांडील. आन् धुळीनं काय व्हतंय? आमी रोज हेच गिळतोय."

त्याच रात्री आजोबांना जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवावे लागले. ते वाचले. पण गाडीभाड्याला आणि तिथल्या मुक्कामाला घरच्यांनी दोन शेळ्या विकल्या.

धुळीने काय होते, असे त्या बिगाऱ्याने विचारले. प्रश्न वाईट नव्हता. आपल्यापैकी पुष्कळांना तसेच वाटते. म्हणून आधी या धुळीचीच ओळख करून घेऊ.

जुन्या भिंतीला ओल धरलेली असते. छताच्या पोकळीत पारव्यांची घरटी असतात. गळक्या नळामागे गिलाव्याला काळे-हिरवे डाग पडलेले असतात. ती बुरशी. शिळ्या भाकरीवर येते तिच्याच जातकुळीची. बुरशीला बी येते. हे बी इतके बारीक असते, की डोक्याच्या एका केसाच्या जाडीत वीसएक बिया ओळीने मावतील. भिंत शाबूत आहे तोवर हे बी बरेचसे जागच्या जागी पडून राहते. पहार बसली की ते उडते. जाड धूळ लवकर खाली बसते, ती आपल्याला दिसते. हे बी दिसत नाही आणि लवकर बसतही नाही. तासन् तास हवेत तरंगते, दाराच्या फटीतून जाते, जिन्याने वर जाते.

या बुरशांमध्ये एक मोठी नाठाळ जात आहे. तिचे नाव अ‍ॅस्परजिलस. इटलीतल्या फ्लोरेन्स शहरी मिकेली नावाचे पाद्री होते. त्यांना वनस्पतींचा नाद. १७२९ साली त्यांनी ही बुरशी भिंगाखाली पाहिली. देवळात पवित्र पाणी शिंपडायचा जो कुंचला असतो, तसा तिचा आकार त्यांना दिसला. म्हणून त्यांनी त्या कुंचल्याचे नाव तिला दिले. नाव पवित्र, पण काम तसे नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे बी हवेत असतेच, तर आपण सगळे आजारी का पडत नाही? बरोबर आहे. धान्य पाखडताना, कडबा रचताना, उकिरडा उपसताना आपण हे बी रोज छातीत घेतो. आपल्या नाकातला, छातीतला चिकटा त्याला धरतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उरलेल्याला खाऊन टाकतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. बिगाऱ्याचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे होते.

पण खाटेवरच्या माणसाची गोष्ट वेगळी. कर्करोगाच्या औषधांनी ज्याच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या आहेत, ज्याला दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले आहे, जो बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेतो आहे, ज्याचे अंग भाजले आहे, जे बाळ दिवस भरण्याआधी जन्मले आहे, अशांच्या घरी पहारेकरी झोपलेला असतो म्हणा ना. बी छातीत जाते आणि तिथेच रुजते. मग ताप येतो, खोकला येतो, कधी खोकल्यातून रक्त पडते. औषधे आहेत, पण ती महाग आहेत, आणि अशक्त माणसाला नेहमी वाचवतातच असे नाही.

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हे नाव आपल्याकडे घरोघर पोचले. कित्येकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. ती बुरशी वेगळ्या जातीची, आणि ती काही बांधकामामुळे आली नव्हती. पण रीत तीच होती. बी हवेत पहिल्यापासून होते. साखरेच्या आजाराने, करोनाने आणि स्टेरॉइडने माणसे दुबळी झाली, तेव्हा ते अंगात शिरले.

दूरची एक खरी हकिकत सांगतो. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तिथे सेंट एलिझाबेथ नावाचा फार मोठा आणि जुना दवाखाना आहे. मनाचे आजार झालेल्यांसाठी तो बांधलेला. १९६५ च्या उन्हाळ्यात तिथल्या आवारात हिरवळीला पाणी द्यायचे नळ टाकायला घेतले. त्यासाठी जागोजागी चर खणले. काम साधेच. आपल्याकडे पाण्याची लाइन टाकायला खणतो तसे.

जुलै-ऑगस्टमध्ये तिथले रोगी एकाएकी तापाने फणफणू लागले. खोकला, छातीत कळ, अंगात हुडहुडी. ऐंशीच्या वर माणसे पडली. त्यांतली दहापेक्षा जास्त दगावली. डॉक्टरांनी थुंकी तपासली, रक्त तपासले. ओळखीचा एकही जंतू सापडेना. मग त्यांनी माणसांची विचारपूस केली. कोण कुठे झोपत होता? कोण आवारात फिरत होता? तेव्हा कळले, की उघड्या खिडकीजवळ झोपणारे आणि आवारात हिंडायची मुभा असलेले लोक जास्त आजारी पडले होते. बोट त्या चरांकडे जात होते. पण जंतू हाती लागला नाही. डॉक्टरांनी एक शहाणपण केले. आजाऱ्यांच्या रक्ताचे नमुने फेकून न देता थंडीत जपून ठेवले.

पुढे अकरा वर्षे गेली. १९७६ च्या जुलैत अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांचा मेळावा भरला. मोठ्या हॉटेलात मंडळी उतरली होती. घरी परतल्यावर माणसे तापाने पडू लागली, दोन डझनांहून जास्त मेली. देशभर गवगवा झाला. सहा महिने शोध चालला, आणि १९७७ च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी जंतू सापडल्याचे जाहीर केले. सैनिकांच्या संघटनेचे नाव 'लीजन', म्हणून जंतूचे नाव लीजनेला. मग कोणाला तरी ते जपलेले रक्त आठवले. ते बाहेर काढून तपासले. १९६५ चा आजार तोच निघाला. आवारातले चर बुजून, त्यावर हिरवळ वाढून बारा वर्षे झाली होती.

हा जंतू पाण्यात आणि ओल्या मातीत राहतो. पाणी पिऊन तो सहसा बाधत नाही. पाण्याचे बारीक तुषार श्वासाबरोबर आत गेले म्हणजे बाधतो. एका माणसापासून दुसऱ्याला तो सहसा लागत नाही. त्याला कोमट, तुंबलेले पाणी आवडते. २५ ते ४५ अंश उष्णता म्हणजे त्याची चंगळ. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवरच्या टाकीतले पाणी किती तापते ते हात घालून पाहा.

दुरुस्तीच्या काळात हे तुंबणे हमखास होते. वॉर्ड महिना-दोन महिने बंद. नळ बंद. नळीत पाणी तसेच उभे. काम संपते, फीत कापली जाते, आणि पहिला रोगी न्हाणीघरात जाऊन फवारा सोडतो. म्हणून बंद राहिलेला प्रत्येक नळ रोगी येण्याआधी मोकळा वाहू द्यायचा. टाकी घासून धुवायची. नळाला रबरी नळी लावून तिचे तोंड मोरीत सोडायचे, म्हणजे तुषार उडत नाहीत. काम चालू असतानाही आठवड्यातून एकदा हे करावे. गरम पाण्याची टाकी असेल तर ती ६० अंशांवर ठेवावी. त्या आचेला हा जंतू तग धरत नाही. मात्र नळाला येणारे पाणी अंग भाजणारे नसावे, हेही पाहावे लागते.

आता परत त्या तालुक्याच्या दवाखान्यात येऊ. दुसऱ्या वर्षी तिथे बायकांच्या वॉर्डाचे काम निघाले. मुकादम तोच होता. सिस्टर मात्र नव्या, बदलून आलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मुकादमाला बसवून चहा दिला आणि विचारले, "मुकादम, पाडायची भिंत कोणती?"

"ही मोरीकडची, सिस्टर."

"तिच्या पलीकडं कोण झोपतं?"

मुकादम गप्प झाला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत आता हा प्रश्न कामाआधी कागदावर विचारला जातो. काम किती धुळीचे आहे हे एका बाजूला लिहितात, शेजारचा रोगी किती नाजूक आहे हे दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींचा मेळ घालून बंदोबस्त ठरवतात. खिळा ठोकायचा असेल तर थोडा, भिंत पाडायची असेल तर पुरा. खेड्यातल्या दवाखान्यात छापील कागद नसेल. पण प्रश्न विचारायला कागद लागत नाही.

पलीकडे दोन ओल्या बाळंतिणी होत्या आणि एक साखरेच्या आजाराची बाई, पायाला जखम असलेली. सिस्टरनी डॉक्टरसाहेबांना सांगून तिघींना पार दुसऱ्या टोकाला हलवले. मग गोणपाट काढायला लावले. त्या जागी जाड प्लास्टिकचा कागद लावला, जमिनीपासून थेट वरच्या स्लॅबपर्यंत. नुसत्या खालच्या छतापर्यंत लावून भागत नाही, वरच्या पोकळीतून धूळ पलीकडे उतरते. कडांना चिकटपट्टी मारली. वॉर्डाकडच्या खिडक्या लावून घेतल्या. राडारोडा बाहेर न्यायला मागच्या अंगाने वेगळी वाट केली. घमेल्यांवर ओले फडके आणि वाटेवर ओले पोते टाकले, म्हणजे पायाची धूळ तिथेच राहते.

कामाच्या खोलीच्या बाहेरच्या खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. त्याचे तोंड कोणत्या वॉर्डाच्या खिडकीकडे नाही ना, हे आधी पाहिले. पंखा खोलीतली हवा बाहेर टाकतो, तेव्हा वॉर्डाची हवा कामाच्या खोलीकडे ओढली जाते. उलटी येत नाही. हीच सगळी किल्ली आहे. मोठ्या इस्पितळांत अशा पंख्याला हेपा नावाची गाळणी लावतात. दहा हजार बारीक कण आले तर ती तीनच पलीकडे जाऊ देते.

"पण हवा कुठं चालली हे दिसणार कसं?" मुकादमाने विचारले. "उदबत्ती धरू का फटीशी?"

"छे! आत प्राणवायूची नळकांडी आहेत. जाळ नको. हे घ्या." सिस्टरनी कापसाचा एक बारीक धागा काढून दिला. मुकादमाने तो वॉर्डाच्या बाजूने दाराच्या फटीशी धरला. धागा कामाच्या खोलीकडे वळला.

मुकादम हसला. त्याला हा खेळ आवडला असावा, कारण पुढे रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तो स्वतः धागा धरून पाहू लागला.

भिंत पाडण्याआधी तिच्यावर पाणी मारले. ओली भिंत धूळ कमी उडवते. कोरड्या खराट्याने झाडायचे नाही, ओल्या फडक्याने पुसायचे, असे ठरले. याला वेळ जास्त लागला. मुकादम कुरकुरला. ते खरेच आहे, अशा कामाला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतात. पण तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरायला हवा. ऐन वेळी बिगाऱ्याच्या खाड्यातून तो काढणे हा न्याय नव्हे. ग्रामपंचायतीच्या आणि दवाखान्याच्या समितीच्या सभेत ज्यांना बोलता येते, त्यांनी हे काम मंजूर होतानाच विचारावे.

पाणी मारायचे म्हटले की पाणी साचवायचे पिंप आले. नव्या स्लॅबवर बांध घालून पाणी भरून ठेवतात, तेही आले. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. तो दिवसा चावतो. दवाखान्यात डेंग्यूचा रोगी आधीच पडलेला असतो. डास त्याला चावला, की आठ-दहा दिवसांनी त्याच्या चाव्यातून रोग दुसऱ्याला जातो. म्हणून पिंपांवर झाकण हवे, आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासून वाळवावीत, आणि अशा रोग्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे.

आता त्या बिगाऱ्याकडे वळू. "आमी रोज हेच गिळतोय," असे तो म्हणाला होता. त्याचे पुढे काय होते? दगड, विटा, फरशी, काँक्रीट कापताना जी धूळ उडते, तिच्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत साचते आणि फुप्फुस दगडासारखे घट्ट करते. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. असा माणूस क्षयालाही लवकर बळी पडतो. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवीत नाही. करोनात आपण पाहिला तो एन-९५ मुखपट्टा नीट घट्ट बसवला तर अडवतो. फरशी कापताना पात्यावर पाण्याची धार धरली तर धूळ मुळातच कमी होते. मुखपट्टा मागणाऱ्या मजुराला 'नाजूक' म्हणून हसणारे लोक मी पाहिले आहेत. हसणाऱ्यांतला एकही जण फरशी कापीत नव्हता.

छपराच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉस नावाचे तंतू असतात. पत्रा अखंड आहे तोवर फारसा धोका नाही. तो फोडला, करवतीने कापला, वरून खाली फेकला, की तंतू हवेत उडतात. छातीत गेलेला तंतू वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी कर्करोग करतो. असे पत्रे ओले करावेत, नटबोल्ट सोडवून अख्खे उतरवावेत आणि ओलसरच झाकून ठेवावेत. आणि एक सांगतो, राग मानू नका. हे फुटके पत्रे फुकट मिळतात म्हणून आपण गोठ्यावर घालतो, चुलीच्या आडोशाला लावतो. तसे करू नका. जुना रंग खरवडतानाही सांभाळा. २०१६ साली सरकारने घरगुती रंगांतल्या शिशाला कडक मर्यादा घातली. त्याआधीच्या पुष्कळ रंगांत शिसे भरपूर असे. ते पोटात गेले तर लहान मुलांची बुद्धी खुंटते. मजुरांची मुले कामावरच्या वाळूच्या ढिगात खेळतात आणि तीच बोटे तोंडात घालतात. कामावरून घरी गेलेल्या बापाने मुलाला कडेवर घेण्याआधी अंगावरचे कपडे बदलावेत, हात-तोंड धुवावे. कपडे झटकू नयेत, पाण्यात भिजवावेत.

दवाखान्याच्या आवारात खणताना जुन्या सुया, काचा निघतात. हाताने उचलू नका. सुई टोचलीच तर साबणाने धुऊन लगेच डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

बायकांच्या वॉर्डाचे काम संपत आले, तेव्हा उद्घाटनाची तारीख आधीच ठरून छापली गेली होती. एका भिंतीला पावसाने भिजलेली जिप्समची पाटी तशीच होती. मुकादम म्हणाला, वरून रंग मारू, कोणाला कळणार? सिस्टर म्हणाल्या, "ती भिजून चार दिवस झाले. दोन दिवसांत वाळली असती तर ठेवली असती. आता आत बुरशी धरली असेल." पाटी काढली. नवी बसवली. मग पंख्यांची पाती, कपाटांचे माथे, खिडक्यांच्या वरच्या कडा ओल्या फडक्याने पुसल्या. एक रात्र जाऊ दिली. सकाळी सिस्टरनी कपाटावरून बोट फिरवले. बोटाला धूळ लागली. पुन्हा पुसले. सगळे नळ वाहते केले.

उद्घाटन तीन दिवस पुढे गेले. पाहुणे नाराज झाले, असे ऐकले. चौथ्या दिवशी पायाला जखम असलेली ती बाई आपली वळकटी घेऊन नव्या वॉर्डात आली आणि खिडकीजवळची खाट तिने मागून घेतली.